दाम्पत्य, डिकी आणि उत्तरेचे अरण्य

दाम्पत्यजीवनाचा अभ्यास करणाऱ्यांनी विवाहविधी, हुंडा, एकत्र कुटुंब आणि घटस्फोट या विषयांवर कपाटे भरतील एवढी ग्रंथरचना केली असली, तरी पती आणि पत्नी यांना एका बंद वाहनात शेजारी शेजारी बसवून काही दिवस रानावनातून नेले असता काय घडते, या प्रश्नाकडे विद्वानांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. पाश्चात्त्य देशांत या प्रयोगासाठी एक स्वतंत्र वाहनच तयार झाले असून त्यास तेथे ‘आर.व्ही.’ म्हणतात; झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, संडास आणि न्हाणी हे सर्व ज्या मोटारीच्या पोटात बसविलेले असते ते फिरते घर म्हणजे आर.व्ही. होय. उत्तर अमेरिकेतील निवृत्त जोडपी असे घर घेऊन उन्हाळ्यात उत्तरेकडे निघतात आणि त्यांच्या दृष्टीने सर्वांत मानाची वाट म्हणजे अलास्का महामार्ग, जो 1942 साली अमेरिकी सैन्याने युद्धाच्या घाईत सुमारे आठ महिन्यांत अरण्य कापून काढला आणि जो कॅनडातील डॉसन क्रीकपासून अलास्कातील डेल्टा जंक्शनपर्यंत आज सुमारे 2200 किलोमीटर जातो. डॉसन क्रीक गावात ‘मैल शून्य’ असे लिहिलेला एक खांब उभा आहे, आणि त्याला टेकून छायाचित्र काढल्याखेरीज कोणतेही जोडपे पुढे सरकत नाही.

नागपूरच्या वाचकाला या शेवटच्या तपशिलाचे कौतुक वाटण्याचे काही कारण नाही, कारण शून्य मैलाचा खांब त्याच्या घरचाच आहे. सीताबर्डीच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर वालुकाश्माचा स्तंभ आणि चार घोडे उभे असून, ब्रिटिशकालीन त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने, म्हणजे त्रिकोणांच्या साखळीने सबंध देश मोजून काढणाऱ्या खात्याने, येथे उंचीची प्रमाणखूण ठेवली. समुद्रसपाटीपासून या स्थळाची उंची 1020.171 फूट असल्याचे तेथे नोंदलेले आहे. दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे पाहून सरकारी मोजणीविषयी आदर वाटतो. शेजारच्या षट्कोनी दगडावर निरनिराळ्या गावांची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत आणि त्यांत शिवनी 79, छिंदवाडा 83, बैतूल 101 व जबलपूर 170 अशी उत्तरेच्या बाजूची नावे ठळक आहेत. अखंड भारताचा मध्य नेमका येथेच, अशी नागपूरकराची श्रद्धा असून, आजच्या भारतापुरता तो मान मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातील करौंदी गावाला दिला जातो हे त्याच्या कानी आल्यास तो विषय बदलतो. तात्पर्य, उत्तरेच्या अरण्याकडे निघण्यासाठी जगात जी दोन शास्त्रशुद्ध ठिकाणे आहेत त्यांपैकी एक बर्डीवर आहे. उणीव आहे ती फक्त फिरत्या घराची.

ही उणीव शासनाच्या ध्यानात आली नाही असे नव्हे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ज्यात कॅरॅव्हॅन म्हणजे राहण्याची सोय असलेले वाहन, आणि कॅरॅव्हॅन पार्क म्हणजे असे वाहन रात्री उभे करून पाणी, वीज व सांडपाण्याची व्यवस्था जोडून घेण्याची जागा, असे दोन्ही घटक विचारात घेतले होते. धोरण उत्तमच आहे. परंतु ज्या बर्डीवर मोदी नंबर एक, दोन आणि तीन या गल्ल्यांमध्ये दुचाकी उभी करायला जागा मिळाली तर माणूस घरी फोन करून कळवतो, तेथे ओटा आणि न्हाणीसकट मोटार कोणत्या ओट्यापुढे उभी राहणार, याचा विचार धोरणकर्त्यांनी मुंबईत बसून केला असावा. शिवाय दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ज्या समाजाला साध्या मोटारीचे घर करता येते त्याला वेगळे फिरते घर विकत घ्यायला सांगणे म्हणजे त्याच्या कर्तबगारीचा अपमान होय. सीताबर्डीतून उत्तरेकडे निघणाऱ्या दाम्पत्याच्या पाचआसनी मोटारीची डिकी ज्याने एकदा उघडून पाहिली आहे त्याला हे पटेल.

डिकी ही प्रस्तुत विषयाची प्राथमिक साधनसामग्री असल्याने तिचे वर्णन थोडे तपशिलात करणे भाग आहे. सर्वांत खाली ताडपत्री असते, कारण ताडपत्री ‘लागतेच’. ती कशाला लागते हे आजवर कोणी सांगितलेले नाही. तीवर घडी घातलेली सतरंजी, तीवर दोन उशा, कारण बाहेरच्या उशांना वास येतो हा सार्वत्रिक अनुभव. एका कोपऱ्यात वीस लिटरचा पाण्याचा कॅन, त्याच्या आधाराने छोटा गॅस सिलिंडर, आणि सिलिंडर खडखडू नये म्हणून त्याभोवती गुंडाळलेला पतीचा एकुलता एक स्वेटर, जो पुढे पचमढीच्या थंडीत केरोसीनचा नसला तरी गॅसचा वास देत अंगावर चढतो. तीन लिटरच्या कुकरच्या आत जागा वाया जाऊ नये म्हणून तांदूळ आणि तुरीच्या डाळीच्या पुरचुंड्या, डाळीत मसाल्याचा डबा, मसाल्याच्या डब्याच्या सांदीत काडेपेटी. पोळ्यांचा डबा आणि दशम्या मात्र डिकीत जात नाहीत. ते पत्नीच्या पायाशी राहतात, आणि तिळाची चटणी, लिंबाचे लोणचे व चिवडा यांची पिशवी तिच्या मांडीवर असते, त्यामुळे प्रवासभर तिला पाय हलवता येत नाहीत ही गोष्ट तिने कामठी येण्यापूर्वी दोनदा नोंदवलेली असते. सर्वांत वर, अगदी हाताशी, कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे. जबलपूरच्या नातलगांसाठी घेतलेली संत्रा बर्फी काचेजवळ ठेवली जाते आणि उन्हाने ती जबलपूरपूर्वीच मऊ झाल्यामुळे ‘आता देण्यात अर्थ नाही’ या निष्कर्षाने लखनादौनच्या आसपास संपते.

या रचनेचे कर्तृत्व नेमके कोणाचे, याविषयी दोन मते आहेत आणि ती दोन्ही एकाच घरात नांदतात. सामान काढून देणे हे पत्नीचे आणि ते रचणे हे पतीचे काम, अशी विभागणी रूढ आहे. रचनेवर पतीला एवढा अभिमान असतो की वाटेत कोणतीही वस्तू बाहेर काढण्यास तो तत्त्वतः विरोध करतो, आणि ज्या वस्तूची गरज पडते ती नेहमीच ताडपत्रीच्या वरच्या आणि उशीच्या खालच्या थरात असते.

प्रस्थान हा दुसरा टप्पा. टेकडीच्या गणपतीपुढे नारळ फोडून मोटार संविधान चौक ओलांडते, इंदोरा मागे पडतो, आणि ऑटोमोटिव्ह चौकाच्या सुमारास तो प्रश्न येतो ज्याच्यावाचून कोणत्याही मराठी दाम्पत्याचा प्रवास सुरू झाला असे मानता येत नाही.

“अहो, गॅसचं बटन बंद केलं होतं ना तुम्ही?”

“मी काहून करू? शेवटी तूच होतीस ना किचनमध्ये.”

“मी म्हटलं होतं तुम्हाले, पाहून घ्या म्हणून.”

येथे एक सूक्ष्म मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. घरातला सिलिंडर बंद आहे की नाही याची ज्यांना एवढी चिंता, त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर दुसरा सिलिंडर स्वेटरात गुंडाळून ठेवलेला असतो आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. प्रश्नाचा निकाल शेजारच्या काकूंना फोन करून लावला जातो. त्यांच्याकडे किल्ली असते, आणि त्या जाऊन पाहतात तेव्हा बटन बंद असतेच, पण देवघरातला दिवा तेवत असल्याची नवी माहिती त्या पुरवितात, जिच्यावर कन्हान नदीच्या पुलापर्यंत ऊहापोह चालतो.

कन्हान ओलांडल्यावर मनसरचा फाटा येतो आणि उजवीकडे रामटेकची टेकडी दिसू लागते. येथे विवेचन थोडे थांबविणे आवश्यक आहे, कारण दाम्पत्याच्या उत्तरप्रवासाचे सर्वांत जुने आणि सर्वांत उपेक्षित उदाहरण याच टेकडीवरचे आहे. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेकच, हे मत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. पत्नीपासून दुरावलेला यक्ष येथे बसून मेघाला अलकानगरीचा मार्ग सांगतो ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु काव्याचा पूर्वार्ध हा प्रत्यक्षात एका पतीने दुसऱ्या प्रवाशाला दिलेली मार्गाची सविस्तर माहिती आहे, कोठे थांबावे, कोठे पाणी प्यावे, कोणत्या डोंगरावर दम खावा, हे सारे न विचारता सांगितलेले आहे, आणि स्वतः वक्ता मात्र जागचा हललेला नाही, या गोष्टी विद्वानांनी काव्यसौंदर्याच्या भरात नजरेआड केल्या. आम्रकूट आणि रेवा, म्हणजे नर्मदा, येथपर्यंत वाट सरळ आहे. त्यानंतर उत्तरेकडे जाणाऱ्या मेघाला उज्जयिनी आडवळणाची पडेल हे यक्ष स्वतःच कबूल करतो आणि तरीही तिकडून जाच असा आग्रह धरतो. ‘थोडी वाट वाकडी होईल, पण एवढं पाहूनच जाऊ’ हे वाक्य उच्चारणाऱ्या प्रत्येक नागपुरी पतीला त्यामुळे शास्त्राधार नसला तरी काव्याधार निश्चित आहे.

अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की मेघ एकटा नाही. वीज ही त्याची पत्नी, असे कवीने मानले आहे; वारंवार चमकून ती दमेल, तेव्हा उज्जयिनीत पारवे झोपलेल्या एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर रात्र काढ, असा सल्ला यक्ष देतो, आणि काव्याच्या शेवटी तुझा तुझ्या विजेशी क्षणभरही वियोग न होवो अशी शुभेच्छाही देतो. म्हणजे ‘मेघदूत’ हा एका विरही पतीचा विलाप असण्याबरोबरच एका जोडप्याच्या उत्तर दिशेच्या दीर्घ प्रवासाचा आराखडाही आहे, ज्यात पती संथपणे पुढे सरकतो, वाटेत दिसेल त्या नदीचे पाणी पितो, आणि पत्नी अधूनमधून कडाडते. आषाढाच्या पहिल्या दिवसाचा मुहूर्त मात्र आज चालणार नाही, कारण पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, मध्य प्रदेशातील व्याघ्रप्रकल्पांचे गाभा क्षेत्र पर्यटकांस बंद असते.

रामटेक मागे पडल्यावर पतीच्या व्याख्यानाला आरंभ होतो. हा रस्ता पूर्वी ‘सात नंबर’ होता, 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले तेव्हा तो 44 झाला, आणि श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हाच देशातला सर्वांत लांब महामार्ग, ही माहिती बिनचूक असते. तीबद्दल तक्रार करता येण्यासारखे काही असेल तर एवढेच की ती प्रत्येक प्रवासात चोरबाहुलीच्या त्याच वळणावर दिली जाते. पत्नी या वेळी संत्रे सोलत असते. संत्र्याच्या फोडी चालकाच्या तोंडात वेळेवर भरवत राहिल्यास व्याख्यानाची लांबी निम्म्यावर येते, हा शोध विदर्भातील स्त्रियांनी स्वतंत्रपणे लावलेला दिसतो.

याच भागात, मनसर आणि खवासा यांच्या दरम्यान, महामार्ग पेंचच्या जंगलाला छेदून जातो, आणि येथे भारतीय रस्तेबांधणीतील एक अपूर्व गोष्ट पाहायला मिळते. किंवा पाहायला मिळत नाही असे म्हणणे अधिक योग्य. रुंदीकरणाचा वाद अनेक वर्षे न्यायालयांत गाजल्यानंतर वन्यप्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून महामार्गच खांबांवर उचलून घेण्यात आला आणि त्याखाली नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी मोकळ्या वाटा ठेवण्यात आल्या, ज्यांतील सर्वांत लांब वाट 750 मीटर रुंद आहे. वाहनांचा आवाज आणि दिव्यांचा झोत खाली जाऊ नये म्हणून कडेने भिंतीसारखे अडसर उभारले. खाली स्वयंचलित कॅमेरे लावून पाहिले तेव्हा वाघ, बिबट्या, रानकुत्री, चितळ असे नाना प्राणी या वाटा नियमाने वापरताना आढळले. योजना यशस्वी झाली, यात शंका नाही. परिणाम मात्र असा झाला आहे की अरण्य पाहण्यासाठी बर्डीहून निघालेले दाम्पत्य अरण्याच्या ऐन मध्यभागी आल्यावर दोन्ही बाजूंना भिंत पाहते, आणि त्याच क्षणी त्यांच्या मोटारीच्या बरोबर खालून एखादा वाघ, कोणतेही आरक्षण न करता, पलीकडे जात असण्याची शक्यता असते. पत्नी डावीकडे पाहून म्हणते, “काहीच दिसून नाही राह्यलं.” पती म्हणतो, “खाली आहेत सगळे.” दोघांचेही बरोबर असते.

दाम्पत्याने घरदार पाठीवर घेऊन सातपुड्यात शिरण्याची प्रथा मोटारीने सुरू केली असा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. त्यानंतर हिवाळा लागला की जिल्ह्याचे साहेब तंबू घेऊन दौऱ्यावर निघत, आणि पुष्कळदा मडमही सोबत असे. तंबूंचे दोन संच असत. एका संचात मालक झोपलेले असताना दुसरा संच बैलगाड्यांवरून रात्रीच पुढच्या मुक्कामी रवाना होई, जेणेकरून सकाळी घोड्यावरून पोचलेल्या दाम्पत्याला आयते घर, आयता चहा आणि बहुधा आयते भांडण तयार मिळे. फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघी बायकांनी 1888 साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या गृहव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात तर उन्हाळ्यात डोंगरावर जाताना कोणत्या उंटावर काय लादावे याची उंटागणिक यादी दिलेली आहे. ती यादी वाचताना डिकी रचणाऱ्या पतीला परमानंद होईल, कारण तीत एकाही उंटावरची वस्तू मधूनच काढायची सोय नाही.

या मंडळींनी सातपुड्यावर लिहिलेही बरेच. पचमढीस बायसन लॉज बांधणाऱ्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक 1871 साली निघाले, आणि रॉबर्ट स्टर्नडेल यांनी 1877 साली शिवनीच्या रानातील तंबूजीवनावर ग्रंथ लिहिला. पुढे 1894 मध्ये रुडयार्ड किपलिंग यांनी याच शिवनीच्या रानात मोगलीला वाढविले आणि ते रान जगप्रसिद्ध केले. किपलिंग स्वतः तेथे कधी गेल्याचा पुरावा नाही. ज्यांनी तंबू ठोकून डास मारले त्यांची पुस्तके ग्रंथालयांत राहिली आणि ज्याने घरी बसून वाचले त्याचे नाव पेंचच्या प्रत्येक रिसॉर्टच्या पाटीवर गेले, या घटनेचा दाखला प्रवासाला नाखूश असणारे पती अधूनमधून देतात. तो त्यांना देऊ द्यावा.

खऱ्याखुऱ्या फिरत्या घरात राहून उत्तरेला गेलेली मराठी दाम्पत्ये पाहायची असतील तर अर्थातच परदेशी जावे लागते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने किंवा मुलीने नागपूरहून आलेल्या आईवडिलांसाठी आर.व्ही. भाड्याने घेणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. या वाहनात तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, ओट्याच्या व न्हाणीच्या सांडपाण्याची, आणि संडासाची, पैकी शेवटच्या दोन टाक्या ठराविक ठिकाणी नेऊन नळीने रिकाम्या कराव्या लागतात आणि ते काम मालकानेच स्वहस्ते करावयाचे असते. ज्या पिढीने संडास मागच्या अंगणाच्या टोकाला पाहिला तिच्या दृष्टीने ओट्यापासून दोन हातांवर, एका पातळ दारापलीकडे, तोच प्रकार असणे ही अरण्यातील कोणत्याही श्वापदाहून भयंकर गोष्ट असते, आणि म्हणून अशा सहलीत मातोश्री सर्वांत आधी गंगाजळाची बाटली स्वयंपाकाच्या बाजूला आणि मुलाला टाकीच्या बाजूला नेमून देतात. इंजिनिअर म्हणून मोठ्या पगारावर असलेल्या मुलाला हातमोजे घालून नळी धरलेला पाहून वडिलांना प्रथमच त्याच्या शिक्षणाचा खर्च सार्थकी लागल्यासारखे वाटते.

तेथील अरण्याचेही काही नियम असतात. अस्वलाला वास लागेल असे अन्न उघड्यावर ठेवू नये, ते बंद वाहनात किंवा लोखंडी पेटीत ठेवावे, अशी सूचना मुक्कामाच्या ठिकाणी लावलेली असते. तीत हिंग आणि लसणाच्या फोडणीचा स्वतंत्र उल्लेख नाही, कारण सूचना लिहिणाऱ्याला हा प्रसंग सुचलेला नसावा. अलास्कात जूनच्या शेवटी आणखी एक पेच उभा राहतो. फेअरबँक्स येथे त्या सुमारास दिवस सुमारे बावीस तासांचा असतो आणि सूर्य मध्यरात्र उलटल्यावर मावळतो, त्यामुळे सांजवात कधी लावावी या प्रश्नाला पंचांगात उत्तर सापडत नाही. नागपूरच्या घड्याळाप्रमाणे लावावी असा तोडगा निघतो. अंधार पडत नाही म्हणून झोप येत नाही, झोप येत नाही म्हणून गप्पा होतात, आणि उत्तर ध्रुववृत्ताच्या अलीकडे, भर प्रकाशात, मोदी नंबर तीनमधल्या वाट्याच्या भिंतीचा तंटा पहाटेपर्यंत चघळला जातो.

परत सातपुड्याकडे वळल्यास फिरत्या घराच्या संकल्पनेला येथे खरा अडथळा कोठे येतो ते स्पष्ट होते. कॅनडात किंवा अलास्कात जोडपे आपल्या घरासकट अरण्यात शिरते आणि तेथेच झोपते. भारतात व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात सहसा रात्री राहता येत नाही, वाहनातून उतरता येत नाही, आणि पेंचच्या तुरिया फाटकावर आपली मोटार उभी करून नोंदणी केलेल्या जिप्सीत बसावे लागते. जिप्सी म्हणजे वरून उघडी असलेली सफारीची गाडी, जिच्यात सहा पर्यटक आणि एक गाइड बसतो. म्हणजे ताडपत्री, सतरंजी, कुकर, उशा, दोरी, चिमटे आणि पायाशी असलेल्या दशम्या या सर्वांना फाटकाबाहेर सोडून दाम्पत्याला चार अनोळखी माणसांसोबत पहाटेच्या गारठ्यात बसणे भाग पडते, आणि येथवर संसार ओढून आणल्याचा सारा खटाटोप नेमका अरण्याच्या दारात फुकट जातो. प्रस्तुत लेखाच्या मते वनखात्याने अजाणता केलेली ही मोठी सामाजिक सेवा आहे. पत्नीला पाय लांब करता येतात. पतीच्या हातात स्टिअरिंग नसते आणि माहिती सांगण्याचा अधिकारही गाइडकडे गेलेला असतो, त्यामुळे तो बहुधा वर्षभरात प्रथमच गप्प बसून बाहेर पाहतो.

गाइडची भाषा हिंदी आणि शब्द नेमके असतात. ‘कॉल’ म्हणजे वाघ जवळ असल्याची चितळाने किंवा वानराने दिलेली हाळी, ‘पगमार्क’ म्हणजे मातीत उठलेला पंजा, आणि ‘साइटिंग’ म्हणजे प्रत्यक्ष दर्शन, जे कालच्या फेरीत हमखास झालेले असते. वाघ दिसत नाही तेव्हा गाइड कॉलरवालीची कथा सांगतो. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे हे नाव पडलेल्या पेंचच्या या वाघिणीने आठ वेतांत 29 बछडे दिले आणि जानेवारी 2022 मध्ये ती गेली तेव्हा तिच्यावर माणसाप्रमाणे अंत्यसंस्कार झाले.

“उनतीस बच्चे, मॅडम. सब अकेले पाले.”

“और वो बाघ क्या करता था?”

“वो घूमता था, मॅडम.”

यावर जिप्सीतील सर्व स्त्रिया, परस्परांची ओळख नसतानाही, एकाच वेळी आपापल्या शेजारी पाहतात.

रात्रीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, पण ते गाळता येणार नाही. महाराष्ट्राच्या बाजूच्या पेंच प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाचे क्षेत्र, असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि त्यासाठी सिल्लारीसारख्या आसपासच्या गावांतील दिव्यांचा उजेड फक्त खाली पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. बर्डीवरच्या व्हरायटी चौकात रात्री मान वर केली तर दुकानांच्या पाट्या आणि मेट्रोचा पूल दिसतो. येथे आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अशा आकाशाखाली ती बहुचर्चित ताडपत्री अखेर कामी येते. दाम्पत्य तीवर सतरंजी टाकून आडवे होते, बराच वेळ कोणी बोलत नाही, आणि मग पत्नी विचारते की काकूंनी देवघरातला दिवा शांत होईपर्यंत थांबून पाहिले असेल की नाही. पतीने यावर काय उत्तर दिले याची नोंद सापडत नाही, कारण तो घोरत असतो.

परतीच्या वाटेवर काय घडते याचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. तीच गावे उलट क्रमाने येतात आणि तेच व्याख्यान पुन्हा होते, फक्त संत्री संपलेली असतात. बर्डीहून निघू इच्छिणाऱ्या वाचकांनी मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मध्य प्रदेशातील फाटके बुधवारी दुपारच्या फेरीला बंद असतात, तेव्हा मंगळवारी गजबजलेल्या ऑफिसातून सुटी काढून बुधवारी तुरियाला पोचण्याचा बेत करू नये. सफारीचे आरक्षण निघण्यापूर्वीच करून ठेवावे, कारण गाडीत कितीही मोठा कुकर असला तरी फाटकावर त्याचा विचार होत नाही. आणि आरक्षणात ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल तेच मूळ ओळखपत्र दोघांनीही अंगावर बाळगावे. पहाटे साडेपाचला, मागे सहा जिप्सी हॉर्न वाजवीत उभ्या असताना, ते ताडपत्रीच्या वरच्या आणि उशीच्या खालच्या थरातून काढणे कोणत्याही दाम्पत्यास आजवर जमलेले नाही.